ज्या, कोज्या आणि एक नापास विषय

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. शाळा सुटायच्या वेळी आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील माझ्या खोलीत आले. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत ते मोल्डिंगचे काम करतात. मुलगा दहावीला आमच्याकडे गणितात पहिला आलेला, पी.यू.सी. करून इंजिनिअरिंगला इलेक्ट्रॉनिक्स घेतलेला. वडिलांनी खिशातून घडी घातलेली गुणपत्रिका काढून टेबलावर ठेवली आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "सर, तुम्ही म्हटला म्हणून पोराला मराठी शाळेत ठेवलो. आता हे बघा."

बाकीचे विषय ठीक होते. एका ओळीसमोर मात्र नापासाची खूण होती : 'सिग्नल्स अँड सिस्टिम्स'.

त्यांनी पुढे विचारले, "धाकटी सहावीला आहे तुमच्याकडं. हिला ठेवू का काढू?"

सीमाभागातल्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापकाला या प्रश्नाची सवय असते. घरात मराठी, बाजारात कानडी, टाक्यावर दोन्ही मिसळून आणि नोकरीसाठी इंग्रजी, अशा गावात मुलाला कोणत्या शाळेत घालायचे, हा दरवर्षी जूनमध्ये घरोघरी पडणारा पेच आहे. त्याचे ठरलेले उत्तर माझ्या तोंडी होते. पण समोर गुणपत्रिका असताना ते देण्याची मला लाज वाटली. मी म्हटले, "मुलाला रविवारी घरी पाठवा."

मुलगा आला. "इंग्रजी कळत नाही का?" असे मी विचारले. तो म्हणाला, "शब्द कळतात सर. गणितंही सुटतात. पण हे असं का, ते कुणी सांगत नाही. पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलं की कुठलाही सिग्नल म्हणजे साइनच्या लाटांची बेरीज. चौकोनी लाटसुद्धा. गोल गोल लाटांची बेरीज करून चौकोनाचा कोपरा कसा होईल? मी विचारलं तर म्हणाले, थिअरम आहे, लिहून घ्या."

मी इतिहासाचा एम.ए. समाकलनाचे चिन्ह पाहिले की मला घाम फुटतो. पण 'थिअरम आहे, लिहून घ्या' असे म्हटले की इतिहासाच्या माणसाच्या मनात एक प्रश्न आपोआप उभा राहतो : कधीपासून आहे? त्याआधी लोक काय मानत होते? टिळकवाडीत राहणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांकडून मी पुस्तके आणली, न कळणारी पाने त्यांच्यापुढे धरली, आणि पावसाळाभर हा इतिहास वाचला. जे हाती लागले ते असे.

*

पहिला माणूस फ्रान्समधला. जोसेफ फूरिये, जन्म १७६८, गावाचे नाव ओसेर. शिंप्याचा मुलगा, दहा वर्षांचा होण्याच्या सुमारास आईबाप दोघेही गेले. धर्मगुरूंच्या लष्करी शाळेत शिकला. तोफखान्यात जायचे होते, पण कुलीन घराण्यातला नसल्याने दार बंद. राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ साली तुरुंगात गेला, तिथून सुटला, १७९८ साली नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला. परत आल्यावर नेपोलियनने त्याला ग्रनोबल येथे इझेर प्रांताचा प्रिफेक्ट नेमले. आपल्याकडचे जिल्हाधिकारी जे करतात तेच त्याचे काम : दलदली बुजवणे, रस्ते बांधणे, कज्जे मिटवणे. ही सरकारी नोकरी करता करता फावल्या वेळात त्याने एक प्रश्न हाती घेतला. लोखंडाची कांब एका टोकाला तापवली तर उष्णता तिच्यातून कशी पसरते?

या प्रश्नाच्या पोटातून त्याला ती युक्ती सापडली. कांबेवरच्या तापमानाचा आलेख कसाही वाकडातिकडा असो, तो साध्या लाटांच्या बेरजेने मांडता येतो. मग एकेक लाट सुटी सोडवायची आणि उत्तरांची पुन्हा बेरीज करायची. २१ डिसेंबर १८०७ रोजी हा निबंध पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे ठेवला गेला. परीक्षक चार : लाग्रांज, लाप्लास, मोंज आणि लाक्रवा. त्यांतला लाग्रांज तेव्हा एकाहत्तर वर्षांचा, युरोपातल्या पहिल्या दोनतीन गणितज्ञांत मोजला जाणारा. तारेच्या कंपनांवर ऑयलर, दालाँबेर आणि बेर्नुली यांचा जो मोठा वाद आधीच्या शतकात झाला, त्यात तरुणपणी तो स्वतः उतरला होता. त्याने फूरियेचे म्हणणे मान्य केले नाही. अखंड, गुळगुळीत लाटांच्या बेरजेतून कोपरे आणि तुटक रेषा निघतील हे त्याला पटेना.

इथे मी पुस्तक मिटले. आमचा मुलगा ज्या प्रश्नावर अडला होता, त्याच प्रश्नावर लाग्रांज अडला होता.

फूरियेचा निबंध छापला गेला नाही. १८११ साली त्याच विषयावर बक्षीस लावले गेले. निबंध आले दोन. बक्षीस फूरियेला मिळाले, पण युक्तिवाद पुरेसा काटेकोर नाही असा शेरा मारून. आणि तोही निबंध तेव्हा छापला नाहीच. अखेर १८२२ साली त्याने उष्णतेवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. कोणत्या अटींवर ही बेरीज खरी ठरते ते डिरिक्ले या तरुण गणितज्ञाने १८२९ साली नीट सिद्ध केले. म्हणजे पहिल्या तासाला फळ्यावर लिहिलेले ते एक वाक्य पक्के व्हायला बावीस वर्षे लागली.

बरे, तिथेही वाद संपला नाही. १८९८ साली अमेरिकेतल्या मायकेलसनने लाटांची बेरीज करणारे एक यंत्र तयार केले. स्प्रिंगा आणि चाके यांच्या साहाय्याने ते ऐंशी लाटा एकत्र करून कागदावर आलेख काढी. हाच मायकेलसन पुढे १९०७ साली नोबेल पारितोषिकाचा मानकरी झाला. चौकोनी लाट काढायला गेले की आलेखात कोपऱ्यापाशी एक शिंग उगवते. लाटा वाढवल्या की शिंग बारीक होते, कोपऱ्याला चिकटत जाते, पण त्याची उंची उडीच्या सुमारे नऊ टक्क्यांच्या खाली उतरत नाही. मायकेलसनने 'नेचर'मध्ये पत्र लिहून या बेरजेबद्दलच शंका काढली. गिब्जने १८९९ साली त्याचा उलगडा केला. गंमत अशी की विल्ब्रहॅम नावाच्या इंग्रज गणितज्ञाने हे शिंग १८४८ सालीच गणिताने दाखवले होते. लक्षात कुणाच्याच राहिले नव्हते.

मी मुलाला हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे माझा प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता."

*

पण एवढ्याने पटणे आणि कळणे यांतले अंतर मिटत नाही. आमच्या शाळेच्या गायनवर्गात मिरजेचा एक जुना तंबोरा आहे. पुढच्या रविवारी मी मुलाला तिथे नेले आणि आमच्या गायनाच्या बाईंना तंबोरा लावायला सांगितले. पंचम, दोन जोडाच्या तारा आणि खर्ज. गंधाराची तार त्यात नाही. बाईंनी नुसता खर्ज छेडला आणि म्हणाल्या, "तार विझत जाईल तसं कान देऊन ऐक." तिसऱ्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर उमटले. त्याला गंधार ऐकू आला होता.

गवयी याला स्वयंभू गंधार म्हणतात. तार एकाच वेळी सबंध कंप पावते, अर्ध्याअर्ध्यात पावते, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या हिश्शातही पावते. खर्जाची कंपने सेकंदाला शंभर धरली, तर त्याच तारेत दोनशे, तीनशे, चारशे, पाचशे अशीही असतात. दोनशे आणि चारशे हे वरचे षड्ज, तीनशे हा पंचम, आणि पाचशे हा गंधार. जवारीची कमाल अशी की हे वरचे अंश कानाला स्पष्ट होतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर संशोधनपर लेख लिहिला तो याच गुणासाठी. एका आवाजातून त्याचे अंश वेगळे काढणे हेच फूरियेचे गणित. आपले गवयी ते कानाने करतात, इंजिनिअर कागदावर करतो. मुलाने तिथल्या तिथे वहीत शंभर, दोनशे, तीनशे असे आकडे मांडले आणि म्हणाला, "ही तर फूरिये सीरिज." मी म्हटले, "असेल. तुला ठाऊक."

*

दुसरा अडथळा होता 'इम्पल्स'. रुंदी शून्य, उंची अनंत, क्षेत्रफळ मात्र एक! अशी आकृती काढायची कशी? वापर सोपा आहे. किल्ल्यातल्या कमल बस्तीत उभे राहून एक टाळी वाजवा. त्या दगडी मंडपातून जे घुमत परत येईल ती त्या वास्तूची खूण. ती एकदा नोंदवून ठेवली, की तिथे कोणतेही गाणे कसे घुमेल ते घरी बसून काढता येते. कारण गाणे म्हणजे लहानमोठ्या टाळ्यांची रांगच. यंत्राला, वाहिनीला, मंडलाला अशी टाळी वाजवून पाहणे हा त्या विषयाचा निम्मा भाग आहे.

ही पद्धत ज्याच्यामुळे रुळली तो ऑलिव्हर हेविसाइड लंडनचा. सोळाव्या वर्षी शाळा सुटली, तारखात्यात नोकरी केली, कानाने अधू. १८७४ साली नोकरी सोडून घरी बसला आणि एकट्याने अभ्यास केला. पदवी कसलीच नाही. त्याची गणिते बरोबर उत्तरे देत, पण ती का बरोबर येतात हे गणितज्ञांना पटेल असे त्याला सांगता येईना. रॉयल सोसायटीने त्याच्या निबंधाचे पहिले दोन भाग छापले आणि १८९४ साली तिसरा परत केला. पुढे डिरॅकने ती शून्य रुंदीची टाळी पुंजभौतिकीत आणली. तो १९२१ साली ब्रिस्टलहून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतलेला, म्हणजे आमच्या मुलाच्याच वाटेचा. गणितज्ञांनी तेव्हाही नाके मुरडली. लॉराँ श्वार्त्झ या फ्रेंच गणितज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तिला पक्का पाया दिला आणि त्यासाठी १९५० साली त्याला फील्ड्स पदक मिळाले. ज्या गोष्टीला पाया घातल्याबद्दल गणितातले सर्वोच्च पदक मिळते, ती एकोणीस वर्षांच्या मुलाला एका तासात पटली नाही, तर त्याला मंद म्हणायचे का?

तिसरी पायरी नमुन्यांची. दूरध्वनीवर आपला सबंध आवाज जात नाही. सेकंदाला आठ हजार वेळा त्याची उंची मोजतात आणि नुसते आकडे पाठवतात. मग मधल्या वेळात जे झाले ते हरवत कसे नाही? सगळ्यात वरची कंपने जितकी, त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजले तर काहीच हरवत नाही. दूरध्वनीत चार हजारांच्या खालचाच आवाज घेतात म्हणून आठ हजार पुरतात. त्याहून कमी वेळा मोजले तर फसगत होते. जुन्या चित्रपटांत धावत्या टांग्याची चाके मध्येच उलटी फिरताना आपण सर्वांनी पाहिली आहेत. कॅमेरा सेकंदाला चोवीसच चित्रे घेतो, चाकाचे आरे त्याहून चपळ, म्हणून डोळ्यांना भलतेच दिसते. तीच ही फसगत.

हा नियम नायक्विस्टच्या १९२८ सालच्या तारयंत्रावरच्या निबंधात डोकावतो आणि शॅननच्या १९४९ सालच्या निबंधात स्वच्छ मांडलेला आहे. पण त्याआधी १९३३ साली कोतेल्निकोव्हने तो रशियनमध्ये लिहिला होता. पश्चिमेकडे त्याची दखल फार उशिरा घेतली गेली.

*

भाषेमुळे ज्ञान कसे अडते, याचा याहून मोठा दाखला पुढे आहे.

१९६३ साली अमेरिका आणि रशिया यांच्यात अणुस्फोटांवर बंदी घालण्याची बोलणी चालू होती. जमिनीखालचा स्फोट दुरून ओळखायचा तर भूकंपमापकांच्या नोंदींतून लाटा वेगळ्या काढाव्या लागणार, आणि ते गणित त्या वेळच्या संगणकांनाही झेपत नव्हते. अध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार समितीच्या बैठकीत गार्विन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने शेजारच्या ट्यूकीला कागदावर काहीतरी खरडताना पाहिले. ती होती फूरियेची बेरीज झटपट करण्याची रीत. गार्विनने ती आय.बी.एम.मधल्या कुलीकडे नेली. खरे कारण न सांगता, हेलियमच्या स्फटिकाच्या अभ्यासाला हवी आहे एवढेच सांगितले. १९६५ साली कुली आणि ट्यूकी यांचा निबंध छापून आला. साध्या रीतीने १,०२४ नमुन्यांना दहा लाखांवर गुणाकार लागत. नव्या रीतीने काम दहा हजारांच्या घरात आले. आजचा मोबाइल आणि इस्पितळातले एम.आर.आय. यंत्र या रीतीवाचून चालले नसते.

आणि मग उलगडले की ही रीत नवी नाहीच. जर्मनीच्या गाउसने पॅलस या लघुग्रहाच्या कक्षेसाठी बारा आकडे घेऊन, त्यांचे तीन आणि चारचे गट पाडून, १८०५ च्या सुमारास नेमके हेच केले होते. म्हणजे फूरियेच्या निबंधाच्याही आधी! हिशेबाचा कंटाळा यामुळे पुष्कळ वाचतो असेही तो नोंदवतो. पण लिहिले लॅटिनमध्ये, स्वतःच्या खुणांमध्ये, आणि छापले नाही. १८६६ साली, त्याच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, ते त्याच्या समग्र ग्रंथात आले. तोवर लॅटिन वाचणारे शास्त्रज्ञ उरले होते किती? १९८४ साली तीन अमेरिकन संशोधकांनी शोध घेऊन गाउसचे हे श्रेय ठळकपणे मांडले. पावणेदोनशे वर्षे ती रीत वाचकाची वाट पाहत पडली होती.

हे वाचून मराठीचा मुख्याध्यापक म्हणून मी अस्वस्थ झालो. कारण हा दाखला माझ्या बाजूने नाही. जी भाषा त्या विषयातले लोक वाचत नाहीत, तिच्यात गाउससारख्याचे लिहिणेही वाया जाते. इंग्रजी टाळून चालणार नाही, हे कबूल करायलाच हवे.

पण दुसरी बाजूही याच इतिहासात आहे. ज्या 'साइन'ने आमच्या मुलाला घाबरवले, तो शब्द मूळचा आपला. आर्यभटाने ४९९ साली 'ज्या'चे कोष्टक दिले; ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. तिचाच पर्याय 'जीवा'. अरबांनी तो जसाच्या तसा उचलला, पण त्यांच्या लिपीत स्वर लिहीत नाहीत, म्हणून पुढच्या वाचकांनी त्याचे 'जैब' केले. जैब म्हणजे वस्त्राची घडी, छातीवरचा पदर. हिंदीतली आपली 'जेब' तीच. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्याने त्याच अर्थाचा 'सायनस' शब्द घातला आणि त्याचा झाला साइन. धनुष्याच्या दोरीचा खिसा झाला, तरी गणित जसेच्या तसे पोहोचले. वाटेत कुणीतरी दोन्ही भाषा जाणणारा बसलेला होता, म्हणून पोहोचले. गाउसला तसा माणूस भेटला नाही.

*

अभ्यासक्रमाचा इतिहास थोडक्यात सांगतो. युद्धापूर्वीचा विद्युत अभियंता जनित्रे, मोटारी आणि तारांची वाहिनी शिके. युद्धात रडार आले आणि विषयाचे तोंड फिरले. १९६० च्या सुमारास अमेरिकेत 'सिग्नल्स' आणि 'सिस्टिम्स' हे शब्द पाठ्यपुस्तकांच्या नावांत दिसू लागले. १९६५ सालच्या अशा एका पुस्तकाचे लेखक भगवानदास पन्नालाल लाठी हे मूळचे मराठवाड्यातल्या भोकरचे, पुढे कॅलिफोर्नियात प्राध्यापक झालेले. का, कसे, कशासाठी हे विद्यार्थ्याला समजावीत पुढे जाणे ही त्यांच्या पुस्तकांची ख्याती. १९७५ साली ओपनहाइम आणि शेफर यांचे, १९८३ साली ओपनहाइम आणि विल्स्की यांचे पुस्तक आले, आणि जगभर विषयाला आजचा साचा मिळाला. १९९८ साली आलेल्या एका पुस्तकाने तर क्रमच उलटा केला : आधी ध्वनी, संगणकावरचे प्रयोग आणि साध्या लाटा, विद्युत मंडले मागाहून.

साचा चांगलाच आहे. पण दीडशे वर्षांचे भांडण सहा महिन्यांत बसवायचे तर शंका गाळाव्या लागतात, उत्तरे तेवढी उरतात. शंका ज्याच्या मनात येते तो मागे पडतो आणि ज्याच्या मनात येत नाही तो पास होतो. आणि हे काम आम्ही शाळेतच सुरू केलेले असते. दहावीला गणितात पहिला आलेल्या या मुलाला मी तरी 'ज्या' म्हणजे काय हे कधी सांगितले होते? सूत्रे पाठ करून घेतली, निकाल शंभर टक्के लावला आणि पी.यू.सी.च्या दारात सोडून दिले. तिथे एका दिवसात भाषा बदलली. दोन्ही काठांवर शाळा होत्या, मध्ये साकव नव्हता.

मुलगा पुढच्या खेपेला सुटला. बावन्न गुण. त्याचे श्रेय मला नाही, त्याच्या मेहनतीला आहे; तंबोऱ्याला थोडे द्यायला हरकत नाही.

त्याच्या वडिलांना मी आता नवे उत्तर दिले आहे. ते आधीच्याइतके ठाम नाही. म्हटले, मुलीला ठेवा. विचार करायला तिला स्वतःची भाषा लागेल आणि तो विचार जगापर्यंत न्यायला इंग्रजी लागेल; मधला साकव घालणे माझ्याकडे लागले. आठवीपासून प्रत्येक पारिभाषिक शब्द आम्ही दोन्ही भाषांत, त्याच्या जन्मकथेसह शिकवू लागलो आहोत. शनिवारी एक तास 'हे असं का?' एवढ्याच प्रश्नाला दिलेला आहे. यातून काय निघेल ते दहा वर्षांनी कळेल; तोवर मी निवृत्त झालेला असेन.

ते "बघू" म्हणाले आणि गेले. जूनमध्ये हजेरीपट चाळताना सातवीच्या यादीत तिचे नाव दिसले. मी ते दोनदा वाचले.